पॅटर्नचा प्रोग्राम चुकतोय? आधी चुकलेला आउटपुट नीट वाचा

परवा प्रॅक्टिकलच्या तासाला पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला तिच्या मशीनपाशी बोलावलं. छापायचा होता नेहमीचाच त्रिकोण: पहिल्या ओळीत १, दुसरीत १ २, तिसरीत १ २ ३, अशा पाच ओळी. स्क्रीनवर मात्र हे आलं होतं:

२
३
४
५
६

"मॅडम, लॉजिक बरोबर आहे, पण आउटपुट येत नाहीये." मी काही बोलायच्या आतच तिने आतल्या लूपमधलं (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) <= पुसून नुसतं < केलं आणि पुन्हा रन केलं. आता आलं:

१
२
३
४
५

तिचा चेहरा खुलला. आकडे एकपासून सुरू झाले, म्हणजे आपण जवळ आलो, असं तिला वाटलं. खरं तर ती एक पाऊल मागे गेली होती. <= बरोबरच होतं, ते तिने आता चुकवलं. मूळ चूक जिथे होती तिथेच राहिली. ती या ओळीत होती (आय ओळीचा क्रमांक मोजतो, जे त्या ओळीतले आकडे):

फॉर (जे = १; जे <= आय; जे++);

शेवटचा सेमिकोलन पाहा. सी भाषेत फॉरच्या कंसानंतर सेमिकोलन आला की लूप तिथेच संपतो. तो फिरतो, पण रिकामा फिरतो. जे एकपासून वाढत आयच्या पुढे एक घर जाऊन थांबतो, आणि खालचा प्रिंटएफ, म्हणजे छापायची आज्ञा, लूपच्या बाहेर पडल्यामुळे ओळीमागे एकदाच चालतो. आय १ असताना जे २ वर थांबलेला असतो, आय ५ असताना ६ वर. म्हणून २ ते ६. आणि <= चं < केलं की जे एक घर अलीकडे थांबतो, म्हणून १ ते ५. पहिल्या आउटपुटमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं: ओळीमागे एकच आकडा, आणि तो ओळीच्या क्रमांकापेक्षा एकाने मोठा. लूप आकडा छापत नाहीये, लूप संपल्यानंतर उरलेली जेची किंमत छापली जातेय, एवढं त्यावरून कळतं. पण तिने आउटपुट वाचलाच नव्हता, तो चूक आहे एवढंच पाहिलं होतं.

हा प्रकार मी दर वर्षी पाहते. सबमिशन जवळ आलं की जास्तच. पॅटर्न आला नाही की मुलं < चं <=, १ चं ०, आयचं जे असं हाताला येईल ते बदलत सुटतात, आणि पंधरा-वीस बदलांनंतर कधीतरी पॅटर्न येतोही. मग तो जर्नलमध्ये उतरतो, आणि ओरलला बाहेरच्या परीक्षकांनी "इथे <= का?" असं विचारलं की उत्तर नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. नेस्टेड लूपच्या, म्हणजे लूपच्या पोटातल्या लूपच्या, चुका मोजक्याच असतात आणि जवळजवळ प्रत्येक चुकीचा आउटपुट वेगळा, ओळखू येईल असा असतो.

एक गोष्ट आधी सांगते. खाली कोड मी देवनागरीत लिहिला आहे, आपण तोंडाने वाचतो तसा. मशीनवर अर्थातच तो इंग्रजीतून टाइप करायचा. पण वाचायचा मोठ्याने, आणि शक्यतो मराठीत. ते का, ते पुढे येईलच.

आधी एक वाक्य

कीबोर्डला हात लावण्याआधी पॅटर्न एका मराठी वाक्यात सांगता आला पाहिजे. वरच्या त्रिकोणाचं वाक्य असं:

प्रत्येक ओळीत, एकपासून त्या ओळीच्या क्रमांकापर्यंत आकडे छापा. आकडे संपले की ओळ मोडा.

यातला एकेक शब्द कोडमध्ये उतरतो. "प्रत्येक ओळीत" म्हणजे बाहेरचा लूप. "एकपासून त्या ओळीच्या क्रमांकापर्यंत" म्हणजे आतला. "पर्यंत" म्हटलं की तो आकडा धरून, म्हणून <=. आणि "संपले की ओळ मोडा" यातला "की" सगळ्यात महत्त्वाचा: ओळ मोडायची ती आतला लूप संपल्यावर, पण बाहेरचा चालू असताना.

फॉर (आय = १; आय <= ५; आय++)
{
    फॉर (जे = १; जे <= आय; जे++)
    {
        प्रिंटएफ("%डी ", जे);
    }
    प्रिंटएफ("\एन");
}

आता चुकलेला आउटपुट समोर असेल तर या वाक्याशी ताडून पाहायचा. वाक्यातला कुठला शब्द मोडला?

सगळे आकडे एकाखाली एक आले, म्हणजे १, मग १, २, मग १, २, ३ अशा एकूण १५ ओळी झाल्या, तर "संपले की" मोडलं. ओळ मोडण्याचं काम आतल्या लूपच्या पोटात गेलंय, प्रत्येक आकड्यानंतर ओळ मोडतेय. उलट, १ १ २ १ २ ३ असं सगळं एकाच लांबलचक ओळीत आलं, तर ओळ मोडायचं काम दोन्ही लूपच्या बाहेर पडलंय. सीमध्ये हे बहुतेक वेळा बाहेरच्या लूपचे महिरपी कंस विसरल्यामुळे होतं. मुलं स्पेस देऊन प्रिंटएफ छान आत सरकवतात, त्यामुळे डोळ्यांना तो लूपच्या आत दिसतो. सीचा कंपायलर मात्र स्पेसकडे बघतच नाही. कंस नसतील तर फॉरखाली फक्त एकच विधान येतं, मग तुम्ही कितीही सरकवा. पायथनमध्ये बरोबर उलटं आहे: तिथे कंस नाहीत, सरकवणं हाच कंस. शेवटचं रिकामं प्रिंट आतल्या फॉरच्या सरळ रेषेत आहे, त्याच्या आत आहे, की पार डाव्या कडेला आहे, यावर पूर्ण आकृती ठरते. माझा सल्ला: सीमध्ये एकच विधान असलं तरी कंस घालायचेच. दोन ओळी वाढतात, पण चुकांचं एक अख्खं घराणं कमी होतं.

आणि आकड्यांच्या मध्येच /एन अशी अक्षरं छापून आली तर लॉजिकला हात लावू नका. तिरपी रेघ उलटी पडलीय, एवढंच. ओळ मोडते ती बॅकस्लॅशने.

ओळच गायब, किंवा वर एक रिकामी ओळ

पाच ओळी हव्या होत्या आणि चारच आल्या. पायथन शिकणाऱ्यांची ही पहिली अडचण. रेंज(१, ५) म्हणजे १ ते ४, वरचा आकडा त्यात धरत नाहीत. वाक्यात तुम्ही "पाचपर्यंत" म्हणालात, पायथनने "पाचच्या अलीकडे" ऐकलं. म्हणून रेंज(१, ६), किंवा रेंज(१, एन + १), एन म्हणजे ओळींची संख्या.

दुसरा प्रकार: वर एक रिकामी ओळ आणि शेवटच्या ओळीत चारच आकडे. इथे बाहेरचा लूप ० पासून सुरू केलेला असतो आणि आतला १ पासून. अॅरे शिकवताना शून्यापासून मोजायची सवय लावलेली असते, ती इथे अर्धीच लागू केली जाते. आय ० असताना "एकपासून शून्यापर्यंत" छापायला काहीच नसतं, नुसती ओळ मोडते. दोन्ही लूप एकपासून ठेवा किंवा दोन्ही शून्यापासून. पॅटर्नसाठी मी एकपासूनच शिकवते, कारण कागदावर ओळी मोजताना आपण पहिली ओळ म्हणतो, शून्यावी म्हणत नाही.

आकार बरोबर, आकडे वेगळे, याचंही तसंच. १, मग २ २, मग ३ ३ ३ आलं आणि हवं होतं १, १ २, १ २ ३, तर लूप निर्दोष आहेत. जेऐवजी आय छापलाय. ओळभर तोच आकडा हवा असेल तर बाहेरचा, ओळीत बदलत जाणारा हवा असेल तर आतला.

थांबतच नाही

स्क्रीनभर १ १ १ १ १ धो धो वाहायला लागले की मुलं घाबरून मशीनच बंद करायला जातात. कंट्रोल दाबून सी दाबा, थांबेल. मग आतल्या लूपचा तिसरा भाग पाहा. तिथे जे++ ऐवजी आय++ असणार. वरची ओळ कॉपी करून खाली चिकटवली, दोन ठिकाणी आयचा जे केला आणि तिसरं राहिलं. जे कायम १ च राहतो, आय वाढत जातो, मग अट मोडणार कशी? आउटपुटमध्ये फक्त १ च येतोय, हेच सांगत असतं की जे हलत नाहीये.

दोन्ही लूपना आयच वापरला असेल तर गंमत वेगळीच होते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. बाहेरचा लूप ५ पर्यंत, आतलाही ५ पर्यंत, दोन्हीकडे आय. १ २ ३ ४ ५ अशी एकच ओळ येते आणि प्रोग्राम गप्प. कारण आतला लूप संपला तेव्हा आय ६ झाला होता, बाहेरच्याने तो ७ केला आणि आपलं काम झालं असं समजून थांबला. आता आतला लूप ३ पर्यंतच ठेवून बघा: आय ४ वर थांबतो, बाहेरचा त्याला ५ करतो, अट अजून खरी, आतला पुन्हा १ पासून. १ २ ३, १ २ ३, अखंड. चूक एकच, पण एकदा लवकर थांबते आणि एकदा थांबतच नाही.

बारावीला पायथन करून आलेली मुलं इथे हमखास गोंधळतात, कारण पायथनमध्ये दोन्हीकडे आय वापरला तरी सुरुवातीचा त्रिकोण बरोबर येतो. तिथे बाहेरचा लूप दर फेरीला रेंजमधला पुढचा आकडा घेऊन आयमध्ये नव्याने ठेवतो, मध्ये तुम्ही आयचं काय केलंत याने त्याला फरक पडत नाही. सीचा फॉर मात्र आयची आत्ताची किंमत बघूनच पुढचं ठरवतो. "पायथनमध्ये चालत होतं" ही तक्रार खरी असते, मुलं खोटं बोलत नसतात. दोन भाषांमध्ये फॉर हा शब्द सारखा आहे, आतलं यंत्र वेगळं.

दोन चुका, आउटपुट एकच

सुरुवातीच्या मुलीकडे परत येते. तिला १ ते ५ एकाखाली एक आले होते ते सेमिकोलन आणि < या दोघांमुळे. अगदी हाच आउटपुट दुसऱ्या एका चुकीनेही येतो, आणि तो व्हाइल लूप वापरणाऱ्यांना भेटतो:

जे = १;
आय = १;
व्हाइल (आय <= ५)
{
    व्हाइल (जे <= आय)
    {
        प्रिंटएफ("%डी ", जे);
        जे++;
    }
    प्रिंटएफ("\एन");
    आय++;
}

पहिल्या ओळीत १ छापून जे २ झाला. दुसऱ्या ओळीला जे पुन्हा १ व्हायला हवा होता, पण त्याला कोणी मागे आणलंच नाही. तो २ वरूनच सुरू झाला, २ छापून ३ झाला. तिसऱ्या ओळीला ३. म्हणजे प्रत्येक ओळीत एकच आकडा. जे = १ ही ओळ बाहेरच्या व्हाइलच्या आत, आतल्या व्हाइलच्या वर हवी. फॉर लूपमध्ये ही सुरुवात कंसातच लिहिलेली असते म्हणून ती विसरली जात नाही. व्हाइलमध्ये ती तुमच्या जबाबदारीवर.

मग आउटपुट सारखाच असेल तर ओळखायचं कसं? अशा वेळी आकड्याऐवजी दोन्ही व्हेरिएबल जोडीने छापा. प्रिंटएफमध्ये "(%डी,%डी) " आणि पुढे आय, जे. निरोगी त्रिकोण असा दिसतो:

(१,१)
(२,१) (२,२)
(३,१) (३,२) (३,३)

वरच्या व्हाइलवाल्या प्रोग्राममध्ये (१,१), (२,२), (३,३) असं येईल. ओळीमागे एकच जोडी, म्हणजे आतला लूप एकदाच फिरतोय. सेमिकोलनवाल्यातही जोड्या अशाच दिसतील. फरक कळण्यासाठी आतला लूप जिथे संपतो त्याच्या लगेच खाली जे पुन्हा छापा. व्हाइलमध्ये जे आत आणि बाहेर वेगळा दिसेल: आत १, बाहेर २. सेमिकोलनमध्ये आत आणि बाहेर दोन्हीकडे तोच आकडा, कारण "आत" असं काही उरलेलंच नाही. मी तिला हेच करायला लावलं. तिने छापलं, थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली, मग स्वतःच बोट सेमिकोलनवर ठेवलं. "हा कशाला आहे इथे?" सी शिकायला लागल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमिकोलन द्यायचा असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. प्रत्येक विधानाच्या शेवटी द्यायचा असतो. फॉरची ओळ म्हणजे विधानाचा शेवट नव्हे.

फ्लॉइडचा त्रिकोण

१
२ ३
४ ५ ६
७ ८ ९ १०

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने हा ओळखला जातो. त्यांना संगणकशास्त्रातला १९७८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. इथे आकडा ना आयवर चालतो ना जेवर. त्याला स्वतःचा मोजणारा लागतो, त्याला के म्हणू. वाक्य: प्रत्येक ओळीत ओळीच्या क्रमांकाइतके आकडे छापा, आणि मोजणी मागच्या ओळीपासून पुढे चालू ठेवा.

के = १ कुठे लिहिलंय हे कोड न बघता आउटपुटवरून सांगता येतं. सगळीकडे १ च आला तर ते आतल्या लूपच्या पोटात आहे. साधाच त्रिकोण आला, १, १ २, १ २ ३, तर ते दोन लूपच्या मध्ये आहे, दर ओळीला मोजणी पुसली जातेय. "पुढे चालू ठेवा" म्हणायचं असेल तर के दोन्ही लूपच्या आधी जन्माला यायला हवा. आणि के = १ लिहिलंच नसेल तर सीमध्ये त्या जागी जो काही कचरा पडलेला असेल तिथून मोजणी सुरू होते. एखाद्या मशीनवर तो ० निघतो, आणि मुलांना वाटतं फक्त एकाचा फरक आहे.

ताळा करायचा असेल तर: आयव्या ओळीचा शेवटचा आकडा आय × (आय + १) ÷ २. चौथ्या ओळीला १०, दहाव्या ओळीला ५५. दहा ओळी छापून शेवटी ५५ आला नाही तर कुठेतरी एक फेरी कमी-जास्त झालीय.

उलटा त्रिकोण, आणि वजाबाकी कुठून येते

पहिल्या ओळीत ५ आकडे, मग ४, मग ३. इथे मुलं एन - आय लिहितात आणि शेवटची ओळ रिकामी येते. मग एन - आय + १ करतात, ते बरोबर येतं, पण हा + १ कुठून आला हे विचारलं की "सर म्हणाले होते". कागदावर दोन रकाने करा: ओळ १ ला ५ आकडे, ओळ २ ला ४, ओळ ३ ला ३, ओळ ४ ला २, ओळ ५ ला १. आडवी बेरीज करा. दर वेळी ६. म्हणजे आकडे = ६ - ओळ, आणि ६ म्हणजे एन + १. पाठ करायची गरजच नाही. आकार एका बाजूने कमी होत असेल आणि ओळ क्रमांक दुसऱ्या बाजूने वाढत असेल, तर बेरीज कायम राहते, आणि ती बेरीजच तुमचं सूत्र देते.

उतरत्या आकड्यांच्या ओळी, म्हणजे ५ ४ ३ २ १, छापताना तीन जागा एकदम उलटाव्या लागतात: सुरुवात, अट, आणि ++ चं --. फक्त अट राहिली, म्हणजे जे = आय, जे <= १, जे-- असं असेल, तर प्रोग्राम पहिल्याच ओळीत अडकतो. त्या ओळीत १ नंतर ०, -१, -२ असे आकडे खाली खाली जात राहतात, कारण ते सगळे १ पेक्षा लहानच आहेत. उणे आकडे दिसले की अटीचं तोंड बघा.

पिरॅमिड

      १
    १ २ १
  १ २ ३ २ १
१ २ ३ ४ ३ २ १

इथे एका ओळीत तीन कामं आहेत, म्हणून बाहेरच्या लूपच्या पोटात तीन लूप, एकामागोमाग एक. एकात एक नव्हेत, शेजारी शेजारी. आधी रिकाम्या जागा, मग चढते आकडे, मग उतरते. चार ओळींसाठी रिकाम्या जागा ३, २, १, ०. ओळ क्रमांकाशी बेरीज ४, म्हणजे एन - आय. चढते १ ते आय. उतरते आय - १ पासून १ पर्यंत.

१ १, मग १ २ २ १ असं आलं तर उतरता लूप आयपासूनच सुरू केलाय, शिखरावरचा आकडा दोनदा छापला गेला. ताळ्यासाठी एक छान योग आहे: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. ओळीतले आकडे सलग लिहिले तर हेच.

आकडे बरोबर पण पिरॅमिड एका बाजूला झुकलेला, ही तक्रार सर्वांत जास्त येते. कारण बहुतेक वेळा लूपमध्ये नसतंच. आकडा "%डी " असा छापलाय, म्हणजे आकडा आणि एक स्पेस मिळून दोन घरं. रिकामी जागा मात्र एकाच स्पेसची, एक घर. घरं सारखी नसतील तर भिंत सरळ कशी उभी राहील? रिकाम्या जागेतही दोन स्पेस द्या. आकडे १० च्या पुढे जाणार असतील तर आकडा "%३डी" ने छापा आणि रिकाम्या जागेला तीन स्पेस द्या, म्हणजे एक अंकी असो की दोन अंकी, घर तीनचंच.

आणि प्रोग्राम लॅबमध्ये सरळ दिसला, पण त्याचा आउटपुट व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर वाकडा दिसला, तर प्रोग्राम निर्दोष आहे. तिथल्या फॉण्टमध्ये स्पेस आकड्यापेक्षा अरुंद असते. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाका, मग सगळी अक्षरं एकाच रुंदीची होतात.

मेरुप्रस्तार

ज्याला पुस्तकात पास्कलचा त्रिकोण म्हणतात, तो आपल्याकडे पास्कलच्या कित्येक शतकं आधी मेरुप्रस्तार म्हणून माहीत होता. पिंगलाच्या छंदशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तीत लघु-गुरूंच्या मांडणी मोजायला तो सांगितला आहे. त्यामुळे हा पॅटर्न मी नेहमी थोडा जास्त वेळ घेऊन शिकवते.

ओळ शून्यापासून मोजली तर प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावरून मिळतो: आधीचा आकडा गुणिले (आय - जे + १), भागिले जे. ओळ ३ हवी १ ३ ३ १. आता चुकलेल्या ओळी पाहा. १ ३ २ ० आलं, तर आधी भागलं आणि मग गुणलं: ३ भागिले २ हे पूर्णांकांत १ होतं, तिथेच अर्धा गेला. १ ३ ३ ० आलं, तर गुणाकार आधी लिहिलाय, पण भागाकाराला वेगळा कंस घातलाय, आणि शेवटी १ भागिले ३ चं शून्य झालं. गणितात हे तिन्ही सारखेच, सीच्या पूर्णांकांत नाहीत. आधी गुणा, मग भागा, मध्ये कंस नको. तशा क्रमाने केलं तर भागाकार दर वेळी निःशेष जातो.

फॅक्टोरियलने (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराने) करणाऱ्यांना पहिल्या काही ओळी अगदी बरोबर येतात आणि मग एकदम वेडेवाकडे, कधी उणे आकडे. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या जागेत) जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० मावतं, १३ चं ६,२२,७०,२०,८०० मावत नाही. तेराव्या क्रमांकाच्या ओळीपासून बिघडलं, तर लूप तपासू नका. काही लॅबमध्ये अजून जुना १६ बिटांचा कंपायलर असतो, तिथे मर्यादा ३२,७६७ आहे, आणि ८ चं फॅक्टोरियल ४०,३२० असल्यामुळे आठव्या क्रमांकाच्या ओळीतच हे होतं.

फोनवर कोड लिहिणाऱ्यांसाठी

हल्ली बरीच मुलं फोनवरच्या कंपायलरवर सराव करतात, आणि कीबोर्ड मराठी राहून जातो. कोडमध्ये ५ हा देवनागरीत लिहिला तर सी आणि पायथन दोन्ही अडतात. पण प्रोग्राम चालू झाल्यावर ओळींची संख्या विचारली आणि तिथे देवनागरी ५ दिला, तर पायथनचा इंट तो मुकाट्याने पाच समजतो. सीचा स्कॅनएफ, म्हणजे आकडा वाचून घ्यायची आज्ञा, तो समजत नाही, एनमध्ये काहीच जात नाही, आणि काहीच छापलं जात नाही किंवा हजारो ओळी येतात. कोड कुठून तरी उचलून चिकटवला असेल आणि कंपायलर "स्ट्रे" म्हणून ओरडत असेल, तर अवतरण चिन्हं वाकडी आली आहेत. ती पुसून हाताने टाका.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल, तर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. कोड मजकूर म्हणून पाठवा, पॅटर्नचं मराठी वाक्य लिहा, एन किती दिला ते सांगा, हवा तो आउटपुट आणि आलेला आउटपुट दोन्ही पहिल्या चार ओळींपर्यंत टाइप करा. त्या मुलीला मी हेच सांगून ठेवलंय. काल तिचा संदेश आला, डायमंड पॅटर्नचा. मधली ओळ दोनदा छापली जात होती. वाक्य लिहिलं होतं, दोन्ही आउटपुट टाइप केले होते, आणि खाली: "मॅडम, खालचा अर्धा भाग एनपासून सुरू केला होता, एन - १ हवा. सापडलं."